वासाची साक्ष : सातारा-सांगली परिसरातील वैरण साठवणीचा इतिहास आणि मुरघासातील ओलाव्याचा प्रश्न

प्रस्तावना

दुष्काळाच्या इतिहासलेखनात धान्य, पाणी, सारा आणि स्थलांतर यांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. त्या तुलनेने वैरणीचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः दख्खनच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल जगणे म्हणजे पुढील हंगामाची पेरणी होणे आणि बैल मरणे म्हणजे पाऊस पडूनही शेत पडीक राहणे, असा थेट संबंध होता. म्हणूनच वैरण कशी साठवली जात होती, कोणती पद्धत रुजली आणि कोणती रुजली नाही, हा प्रश्न केवळ पशुसंवर्धनाचा नसून सामाजिक इतिहासाचाही आहे.

प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. ओला चारा हवाबंद करून आंबवण्याच्या पद्धतीस मराठीत 'मुरघास' हा अर्थवाही शब्द रूढ झाला. लोणचे मुरते तसा चारा मुरतो, ही कल्पना त्यात आहे. मुरघासाचे तंत्र जगास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ज्ञात असूनही आपल्या परिसरात त्याचा प्रसार होण्यास एवढा विलंब का लागला? या विलंबाचे उत्तर शेतकऱ्याच्या अज्ञानात नसून चाऱ्यातील पाण्याच्या प्रमाणात आहे, आणि या पाण्याची पहिली खबर देणारा पुरावा म्हणजे मुरघासाचा वास होय, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

एक जिल्हा, दोन हवामाने

आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. 1 ऑगस्ट 1949 रोजी जुन्या सातारा जिल्ह्यातील काही तालुके व सांगली, मिरज, जत आदी विलीन संस्थानांचा प्रदेश एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. आटपाडीचा मुलूख औंध संस्थानात होता. त्यामुळे वैरणीच्या इतिहासात हा संपूर्ण प्रदेश एकच मानणे सोयीचे ठरते.

या प्रदेशाचे वैशिष्ट्य म्हणजे पावसाची टोकाची विषमता. महाबळेश्वरात वर्षाला सुमारे 6000 मिलिमीटर पाऊस पडतो, तर तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेस असलेल्या माणदेशात तो 500 मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. जावळी, पाटण, शिराळा या घाटमाथ्याच्या बाजूस गवत उदंड. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या बाजूस गवत विरळ. पण खिलार जनावरांची पैदास आणि मेंढपाळी यांवर जगणारा समाज मोठा. चारा एकीकडे आणि जनावरांवरील अवलंबन दुसरीकडे, ही या परिसराची मूळ अडचण आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (1955) या कादंबरीत दुष्काळाने उठून जाणारी धनगरांची वस्ती याच प्रदेशातील आहे.

कोरडी परंपरा : कडब्याचे शहाणपण

पूर्वेकडील शेतकऱ्याने या अडचणीवर काढलेला तोडगा म्हणजे शाळूचा कडबा. रब्बी ज्वारी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जाते. त्या दिवसांत हवा कोरडी, ऊन प्रखर आणि पावसाची शक्यता कमी असते. उपटलेले किंवा कापलेले ताट शेतातच वाळते, पेंढ्या बांधल्या जातात आणि घराजवळ कडब्याची गंज रचली जाते. वाळलेल्या कडब्यात ओलावा सुमारे 10 टक्के इतकाच उरतो. इतक्या कमी ओलाव्यात बुरशी वा जिवाणू वाढू शकत नाहीत. गंज नीट रचून शेकारली तर कडबा एका वर्षाहूनही अधिक काळ टिकतो. थोडक्यात, निसर्गाने कोरडेपणा फुकट पुरवला आणि शेतकऱ्याने त्याचाच उपयोग साठवणीसाठी केला.

या पद्धतीची मर्यादा अशी की, ती शाळू पिकण्यावर अवलंबून आहे. परतीचा पाऊस चुकला की धान्यही नाही आणि कडबाही नाही. 1876-78, 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांनी ही मर्यादा उघडी पाडली. दुष्काळ आयोगाचा 1880 चा अहवाल आणि त्यानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहिता यांत माणसांना काम व अन्न देण्याची तपशीलवार यंत्रणा उभी राहिली. परंतु जनावरांची वैरण हा विषय तुलनेने दुय्यम राहिला.

घाटमाथ्याचे गवत : अतिपाण्याचा प्रश्न

येथे सहज मनात येणारा प्रश्न असा की, पश्चिमेकडील उदंड गवत साठवून पूर्वेस का नेले गेले नाही? याचे उत्तर गवताच्या वाढीच्या वेळापत्रकात आहे. डोंगरी गवत जुलै-ऑगस्टमध्ये कोवळे व सकस असते. परंतु तेव्हा ते वाळवणे अशक्य, कारण पाऊस उघडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऊन पडते तेव्हा गवताला बी धरून गेलेले असते, त्याची काडी राठ होते आणि प्रथिने कमी झालेली असतात. वाळवता येते तेव्हा गवत निकस, आणि सकस असते तेव्हा वाळवता येत नाही, असा हा पेच आहे.

हा पेच सोडवण्यासाठीच तर मुरघासाची पद्धत युरोपात पुढे आली. फ्रान्समधील ऑगस्त गोफार या शेतकऱ्याने हिरवा मका कापून व दाबून साठवण्याच्या आपल्या अनुभवावर 1877 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. 1880 च्या दशकात ओल्या उन्हाळ्यांनी त्रस्त झालेल्या ब्रिटिश शेतकऱ्यांत या पद्धतीची लाटच आली. पाऊस असो वा नसो, चारा साठवता येतो, हे तिचे आकर्षण होते. भारतात 1889 मध्ये अलाहाबाद येथे लष्करी दुग्धशाळांची सुरुवात झाली आणि पुढे 1926-28 च्या शाही कृषी आयोगानेही जनावरे व चारा यांचा विस्ताराने विचार केला. तथापि हे तंत्र दीर्घकाळ लष्करी व सरकारी प्रक्षेत्रांच्या कुंपणातच राहिले. सामान्य शेतकऱ्याच्या परड्यात ते आले नाही. त्याचे एक महत्त्वाचे कारण समजण्यासाठी ओलावा आणि वास यांचा संबंध पाहणे आवश्यक आहे.

'गोड' आणि 'आंबट' मुरघासाचा वाद

मुरघासाच्या वासाचा प्रश्न आरंभापासूनच वादग्रस्त होता. 1885 मध्ये जॉर्ज फ्राय या इंग्रज लेखकाने 'गोड मुरघासा'चा सिद्धान्त मांडला. चारा एकदम न दाबता काही काळ सैल ठेवावा, त्याचे तापमान सुमारे 50 अंश सेल्सिअसपर्यंत चढू द्यावे आणि मगच तो दाबावा, असे केल्यास आंबट वासाऐवजी गोड, भाजल्यासारखा सुगंध येतो, असे त्याचे प्रतिपादन होते. जनावरेही असा चारा आवडीने खात. त्यामुळे या पद्धतीस काही काळ मोठी मान्यता मिळाली.

पुढील संशोधनाने मात्र या सुगंधाची किंमत दाखवून दिली. हवा व उष्णता यांमुळे शर्करा जळून जाते. तसेच शर्करा व प्रथिने यांची परस्पर अभिक्रिया होऊन चारा तपकिरी बनतो. भाजलेल्या साखरेसारखा किंवा तंबाखूसारखा वास याच अभिक्रियेतून येतो. परंतु या प्रक्रियेत बांधली गेलेली प्रथिने जनावरास पचत नाहीत. म्हणजे जो वास माणसास व जनावरास सर्वांत रुचकर वाटला, तो प्रत्यक्षात पोषणाच्या हानीची खूण होता. वासाची साक्ष खरी असते; पण तिचा अर्थ लावावा लागतो, हा धडा या वादातून मिळाला.

या वादाचा शास्त्रीय शेवट फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांच्या कार्यात दिसतो. ओल्या हिरव्या चाऱ्यावर सौम्य खनिज आम्ल टाकून त्याचा सामू 4 च्या खाली आणल्यास हानिकारक जिवाणू थांबतात, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत ओळखली जाते. चारा टिकवण्याच्या या पद्धतीचा विशेष उल्लेख करून त्यांना 1945 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. गुरांच्या चाऱ्याला एवढा सन्मान मिळाल्याचे हे विरळा उदाहरण होय.

ओलावा बदलतो तसा वास बदलतो

आधुनिक ज्ञानाच्या आधारे या संबंधाची मांडणी पुढीलप्रमाणे करता येते. गवत कापताक्षणी येणारा हिरवा, ताजा वास हा पानांतील मेदाम्ले विकरांमुळे तुटून तयार होणाऱ्या हेक्झेनाल, हेक्झेनॉल यांसारख्या संयुगांचा असतो. चारा दाबून हवा काढून टाकल्यावर हा वास मागे पडतो आणि किण्वनाचे वास त्याची जागा घेतात. कोणता वास प्रबळ होईल, हे मुख्यतः ओलाव्यावर ठरते.

ओलावा 65 ते 70 टक्क्यांच्या आसपास असेल आणि चाऱ्यात पुरेशी शर्करा असेल, तर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू प्रबळ होतात. शुद्ध लॅक्टिक आम्लास स्वतःचा उग्र वास जवळजवळ नसतो. अशा मुरघासाचा सौम्य आंबूस वास हा सोबतच्या थोड्याशा ॲसेटिक आम्लाचा असतो. आम्ले व अल्कोहोल यांच्या संयोगातून बनलेली एस्टर संयुगे त्यास फळासारखी छटा देतात.

ओलावा 75 टक्क्यांच्या वर गेला की चित्र पालटते. पाणी अधिक म्हणजे आम्ल विरळ. शिवाय क्लॉस्ट्रिडियम गटातील जिवाणूंना भरपूर ओलावा मानवतो. हे जिवाणू लॅक्टिक आम्लाचेच विघटन करून ब्युटिरिक आम्ल तयार करतात आणि प्रथिनांपासून अमोनिया व दुर्गंधी अमाइन संयुगे बनवतात. खवट लोण्यासारखा, हाताला लागला तर धुऊनही न जाणारा कुबट वास तो हाच. ओल्या चाऱ्यात हे जिवाणू रोखण्यासाठी सामू 4 पर्यंत उतरावा लागतो. तोच चारा सुकवून त्यातील शुष्क पदार्थ 35 टक्क्यांपर्यंत नेला, तर सामू 4.5 च्या आसपास असतानाही तो स्थिर राहतो. खड्ड्याच्या तळातून वाहून जाणाऱ्या रसाबरोबर शर्करा व खनिजे जातात, ती हानी वेगळीच.

याउलट ओलावा 55 टक्क्यांच्या खाली गेल्यास चारा नीट दबत नाही, पोकळीत हवा राहते, ऊब चढते आणि फ्रायच्या मुरघासाचा भाजका वास किंवा बुरशीचा कोंदट वास येतो.

आता सह्याद्रीच्या गवताकडे पुन्हा पाहू. ऐन पावसाळ्यात कापलेल्या गवतात 80 टक्के वा त्याहून अधिक पाणी असते. उष्ण प्रदेशातील गवतांत विरघळणारी शर्करा समशीतोष्ण प्रदेशातील गवतांपेक्षा कमी असते आणि त्यांची जाड, पोकळ काडी हवा धरून ठेवते. म्हणजे पाणी अधिक, शर्करा कमी आणि हवा शिल्लक, अशी तिन्ही प्रतिकूलता येथे एकत्र येते. कापल्यावर गवत काही तास सुकू देणे हा युरोपातील उपाय, पण तो श्रावणातल्या पाटण-जावळीत शक्य नाही. अशा परिस्थितीत पुस्तकाबरहुकूम भरलेल्या खड्ड्यातूनही दुर्गंधीच निघण्याचा संभव अधिक. कुजक्या वासाचा चारा जनावरापुढे टाकण्यास नकार देणारा शेतकरी रूढिग्रस्त नव्हता. तो नाकाने अचूक निष्कर्ष काढत होता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

यावर स्थानिक उपाय आहे आणि तो कोरड्या परंपरेतूनच येतो. 80 टक्के पाणी असलेल्या 100 किलो गवतात 20 किलो शुष्क पदार्थ असतो. ओलावा 70 टक्क्यांवर आणण्यासाठी त्यातून सुमारे 33 किलो पाणी उडून जावे लागेल. तेच काम 10 टक्के ओलावा असलेली सुमारे 17 किलो कडब्याची कुट्टी मिसळूनही साधते. जोडीला साखर कारखान्याची मळी थोडी मिसळल्यास शर्करेची उणीवही भरून निघते.

कुट्टीचे यंत्र आणि औंध संस्थान

मुरघासासाठी चारा बारीक कापणे अनिवार्य असते. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे केले तरच तो दबतो. या दृष्टीने आपल्या परिसराचा औद्योगिक इतिहास लक्षणीय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे शेतीची जी अवजारे बनवली, त्यांत कडबा कापण्याचे यंत्र हे अगदी आरंभीचे होते. लोखंडी नांगराची ख्याती त्यानंतरची. 1910 मध्ये औंधच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, जी आज सांगली जिल्ह्यात आहे.

हे यंत्र कोरड्या कडब्यासाठी होते. अखंड ताट गव्हाणीत टाकले की जनावर पाला खाते आणि बुडखे तुडवते. कुट्टी केल्यास ही नासाडी वाचते. म्हणजे मुरघासास लागणारे एक प्रमुख साधन या परिसरात विसाव्या शतकाच्या प्रारंभीच उपलब्ध झाले होते; परंतु ते कोरड्या परंपरेच्या सेवेत राहिले. यंत्र असणे पुरेसे नव्हते. योग्य ओलाव्याचे पीक आणि त्याची गरज असणारी अर्थव्यवस्था अद्याप यावयाची होती.

बागायत, दूध आणि मका

ती अर्थव्यवस्था कृष्णाकाठी आकारास आली. कराडजवळील खोडशी येथील कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातलाच. परंतु बागायतीचा खरा विस्तार स्वातंत्र्योत्तर काळात कोयना धरण, सहकारी साखर कारखाने व उपसा सिंचन यांमुळे झाला. दुधाच्या व्यवसायास भिलवडी येथे 1939 मध्ये भास्कर गणेश चितळे यांनी सुरू केलेल्या दुग्धव्यवसायासारखी उदाहरणे आधीपासून होतीच. 1967 मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या संस्थेने संकरित गाईंचा प्रसार केला. बैल कडब्यावर वर्ष काढू शकतो. पण अधिक दूध देणारी संकरित गाय बारमाही हिरव्या चाऱ्याशिवाय टिकत नाही. वैरणीचा प्रश्न जगवण्याचा होता, तो आता उत्पादनाचाही झाला.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने चाऱ्याचा 'आफ्रिकन टॉल' मका आणि 'यशवंत', 'जयवंत' ही संकरित नेपियर गवते पुढे आणली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर काम केले. यांपैकी मक्याने मुरघासाचे गणित सोडवले. दाणा चिकात असताना कापलेल्या मक्यात ओलावा आपसूक 65 ते 70 टक्क्यांच्या आसपास असतो आणि शर्कराही पुरेशी असते. जे काम घाटातल्या गवतास पाऊस करू देत नव्हता, ते मक्याच्या ताटात निसर्गतःच झालेले असते. मक्याच्या मुरघासाचा आंबट-गोड वास शेतकऱ्यास पटला, यात नवल नाही.

उसाचे मात्र वेगळे आहे. उसात शर्करा इतकी असते की किण्वक तिचे अल्कोहोल करतात. अशा मुरघासास दारूसारखा वास येतो आणि बराच शुष्क पदार्थ वायुरूपाने निघून जातो. वाढ्यांतील ऑक्झॅलेटमुळे जनावरास कॅल्शियमची उणीव भासते, हा दोष आणखी वेगळा. तरीही टंचाईत ऊस व वाढे हाच हाताशी असलेला हिरवा चारा ठरतो.

छावणी आणि पाण्याचे वजन

1972 च्या दुष्काळानंतरही पूर्व भागाची टंचाई संपली नाही. 2012-13 मध्ये म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने चालवलेल्या छावणीत हजारो जनावरे दीर्घकाळ राहिली. 2019 मध्येही माण, आटपाडी, जत भागांत छावण्या उघडाव्या लागल्या. प्रत्येक वेळी प्रश्न तोच : कृष्णाकाठचा चारा माणदेशात कसा न्यावा?

येथे ओलाव्याचा अर्थशास्त्रीय पैलू समोर येतो. एक टन कडब्यात सुमारे 900 किलो शुष्क पदार्थ असतो, तर एक टन मुरघासात सुमारे 300 किलो. म्हणजे तेवढेच पोषण वाहण्यासाठी तिप्पट वजन वाहावे लागते आणि त्यातील दोन तृतीयांशाहून अधिक पाणीच असते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. मुरघासाचा ट्रक पूर्वेकडे जातो तेव्हाही एका अर्थाने पाणीच वाहिले जात असते. तहानलेल्या मुलखात हे पाणी जनावराच्या पोटी लागते, हे खरे. पण भाडे शेवटी शेतकऱ्यावरच पडते. म्हणून दूरच्या वाहतुकीत कडब्याचे महत्त्व आजही टिकून आहे.

दुसरा मुद्दा आकाराचा. खड्डा उघडल्यावर हवा लागलेला थर रोज काढावा लागतो, अन्यथा तो तापतो व बुरसटतो. 2 मीटर रुंद व दीड मीटर उंच खड्ड्यातून रोज 10 सेंटिमीटरचा थर काढला तरी सुमारे 180 किलो मुरघास निघतो. दोन गाईंना मिळून 40 किलो पुरतो. म्हणजे सरकारी प्रक्षेत्रासाठी योग्य असलेला खड्डा दोन गाईंच्या कुटुंबासाठी मुळातच मोठा होता. हवाबंद प्लास्टिक पिशव्यांमुळे हे प्रमाण लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आले. मुरघास खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचला तो त्यामुळेच.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, सातारा-सांगली परिसरातील कडब्याची परंपरा ही मागासलेपणाची नव्हे, तर कोरड्या हवेचा योग्य उपयोग करणारी साठवण पद्धत होती. दुसरी, मुरघासाच्या विलंबित प्रसाराचे कारण ओलावा, शर्करा व खड्ड्याचा आकार यांत शोधावे लागते. तिसरी, वासाची पारख हे शास्त्राचे विरोधी नसून त्याचे पूर्वरूप आहे. कुट्टी मुठीत दाबून पाहणे हे त्याचेच भावंड होय : रस गळला तर पाणी जास्त, मूठ उघडताच गोळा विस्कटला तर कमी आणि गोळा सावकाश सुटला तर योग्य.

मात्र गोड मुरघासाच्या वादाने दाखवल्याप्रमाणे रुचकर वास नेहमीच चांगल्या चाऱ्याचा नसतो. टंचाईच्या काळात विकत घेतलेल्या पिशवीतील चाऱ्याची पारख शेतकऱ्यास नाकानेच करावी लागते. त्यावर त्याचे पैसे, जनावराचे आरोग्य आणि दुधाचा दर अवलंबून असतो. खवट वासाचा मुरघास धारेआधी घातला तर तो वास दुधात उतरतो आणि संकलन केंद्रावर दूध नाकारले जाऊ शकते. म्हणून कोणता वास कोणत्या ओलाव्याचा, हे ज्ञान प्रयोगशाळेपुरते न राहता गोठ्यापर्यंत जाणे अगत्याचे आहे. माणदेशाच्या पुढील दुष्काळाची तयारी पाऊस पडत असतानाच करावी लागेल. ती करताना कृष्णाकाठचा मका, घाटमाथ्याचे गवत आणि माळरानाचा कडबा यांना परस्परांचे पर्याय न मानता पूरक मानणे, हाच या इतिहासाचा बोध होय.